पंचांगातले ग्रह, फोटोतले ग्रह

जानेवारी २०२४ मध्ये वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एक छोटी बातमी येऊन गेली. नेपच्यून हा ग्रह आपण समजत होतो तितका निळा नाही, असे ऑक्सफर्ड विद्यापीठातले पॅट्रिक अर्विन आणि त्यांचे सहकारी सांगत होते. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यांत युरेनस फिकट हिरवट आणि नेपच्यून शाईच्या दौतीसारखा गडद निळा असतो. प्रत्यक्षात दोघांचा रंग जवळजवळ सारखाच, फिकट हिरवट-निळा आहे. नेपच्यून किंचित अधिक निळा, इतकेच.

मग १९८९ साली व्हॉयेजर-२ ने पाठवलेला तो निळाभोर नेपच्यून खोटा होता काय? खोटा नव्हता. त्या ग्रहावरचे ढग आणि काळसर डाग नीट उठून दिसावेत म्हणून शास्त्रज्ञांनी रंग मुद्दाम ताणले होते, आणि तसे त्यांनी चित्राखालच्या ओळींत तेव्हाच लिहिले होते. पुढे चित्र एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात गेले, तिथून तक्त्यावर, तिथून वह्यांच्या वेष्टनावर. आणि खालच्या ओळी वाटेत गळून गेल्या. सही-शिक्क्याच्या कागदाची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स असे करता करता अक्षरे राहतात आणि शिक्का पुसतो, हा अनुभव बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला नवा नाही.

बातमी मला लागली, कारण तो नेपच्यून माझ्या टेबलाच्या काचेखाली होता. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात जानेफळ नावाचे गाव आहे. तिथल्या आमच्या शाखेत १९८७ ते १९९० अशी तीन वर्षे मी कृषी कर्जांचे काम पाहत होतो. पेपर एस.टी.ने दुपारी यायचा. २५ ऑगस्ट १९८९ ला व्हॉयेजर-२ नेपच्यूनजवळून गेले आणि दोन-तीन दिवसांनी त्याचा फोटो पेपरात आला. तोही काळापांढरा, शाई फुटलेला. तो कापून मी काचेखाली ठेवला. पुढे एका मासिकातला रंगीत मिळाला, तेव्हा त्याच्या शेजारी तो.

बँकेच्या टेबलाखालची काच ही खेड्यात सार्वजनिक मालमत्ता असते. सही करायला वाकलेला प्रत्येक माणूस ती वाचतो. ज्वारीचा एक शेतकरी सातबारा पुढे सरकवत म्हणाला, ‘‘साहेब, हे काय हाये?’’ मी सांगितले. तो थोडा वेळ पाहत राहिला आणि मग त्याने जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर देता देता माझे दुपारचे जेवण राहिले. ‘‘तिथं कोनी गेलं नाई मनता, मंग फोटो काढला कोनं? आन् मंग तो फोटो इथं आनला कोनं?’’

दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड होता. व्हॉयेजर काही परत येणार नव्हते. रोल धुवायला कुठे टाकणार? मी त्याला ठिपक्यांच्या रांगोळीची उपमा दिली आणि आजही मला याहून चांगली सुचत नाही. यानावरचा कॅमेरा जुन्या टीव्ही कॅमेऱ्याच्या जातीचा होता. समोरच्या दृश्याचे तो आठशे ओळी आणि प्रत्येक ओळीत आठशे असे ठिपके करायचा. म्हणजे एका फोटोत ६ लाख ४० हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा : अगदी काळ्याला शून्य, अगदी पांढऱ्याला २५५, मधल्या करड्या छटांना मधले आकडे. यान पृथ्वीकडे पाठवायचे ते फक्त हे आकडे, रेडिओवरून, एकामागून एक. इथे बसलेल्या माणसांनी ते कागदावर ओळीने मांडायचे की रांगोळी पूर्ण. रंगही असाच. कॅमेरा रंगांधळा, त्याच्यापुढे एकदा निळी, एकदा हिरवी, एकदा नारिंगी काच धरायची, तीन वेगवेगळे फोटो घ्यायचे आणि ते पृथ्वीवर एकावर एक बसवायचे.

आता या आकड्यांचा प्रवास पाहा. यानाच्या प्रक्षेपकाची ताकद वीसएक वॅट, म्हणजे आपल्या देवघरातल्या बल्बाएवढी. नेपच्यून तेव्हा पृथ्वीपासून सुमारे ४४० कोटी किलोमीटरवर. प्रकाशाच्या वेगाने निघालेला संदेश यायला चार तास सहा मिनिटे लागत. इथे पोचेपर्यंत तो इतका क्षीण झालेला असे की, तो ऐकायला कॅलिफोर्निया, स्पेन आणि ऑस्ट्रेलिया इथल्या तबकड्यांचा व्यास ६४ मीटरवरून ७० मीटर करावा लागला, आणि शिवाय न्यू मेक्सिकोतल्या सत्तावीस तबकड्यांचा ताफा मदतीला घ्यावा लागला. १९७९ साली गुरूपाशी असताना यान सेकंदाला १ लाख १५ हजार २०० बिटे पाठवत होते. नेपच्यूनपाशी हा वेग २१ हजार ६०० वर आला.

तेवढ्यात भागवायचे कसे? इथे त्या मंडळींनी जे केले, ते ऐकून मला त्यांना आमच्या खात्यात घ्यावेसे वाटले. यान उडून गेलेले, कोट्यवधी किलोमीटर दूर. त्याच्या संगणकाला त्यांनी इथून नवी शिकवण पाठवली की, प्रत्येक ठिपक्याचा पूर्ण आकडा लिहू नकोस. ओळीतल्या पहिल्याचा पूर्ण लिही, पुढे फक्त फरक लिही : दोनने जास्त, एकने कमी, तेवढाच. शेजारशेजारच्या ठिपक्यांत फरक थोडाच असतो, त्यामुळे निम्म्याहून अधिक आकडे वाचले. मागील शिल्लक आणि आजची जमा-नावे, यापलीकडे यात काय आहे?

दुसरी अडचण अंधाराची. नेपच्यूनवर सूर्यप्रकाश पृथ्वीच्या नऊशेव्या हिश्शाएवढा. कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवावी लागणार आणि यान तर भरधाव चाललेले. फोटो पुसट येणार. उपाय असा की, फोटो घेताना सगळे यानच हळूहळू उलट वळवायचे. धावत्या एस.टी.तून मागे जाणाऱ्या माणसाकडे पाहताना आपण मान वळवतो, तसे. त्यातून ट्रायटन या नेपच्यूनच्या उपग्रहाचे जे फोटो आले, त्यांत शून्याखाली २३५ अंशांच्या थंडीतही नायट्रोजनचे काळपट फवारे आकाशात उडताना दिसले.

हे सगळे त्या शेतकऱ्याने ऐकून घेतले. पटले की नाही कोण जाणे. पण तेव्हापासून तो शाखेत आला की, इतरांना काच दाखवून ‘‘हे रांगोयी हाये’’ असे सांगत असे.

जानेफळला माझे खरे शेजारी म्हणजे एक निवृत्त गुरुजी. पोथी वाचत, पत्रिका पाहत आणि गणित स्वतः करत. तयार पंचांगावर त्यांचा विश्वास कमी. त्यांच्यामुळे मला कळले की, मराठी माणसाला बाहेरचे ग्रह अनोळखी नाहीत. गुरुबळ असल्याशिवाय लग्न नाही. विल्यम हर्शेलने १७८१ साली युरेनस शोधला, तर आपल्या पत्रिकेत तो शोधणाऱ्याच्याच नावाने ‘हर्षल’ म्हणून येऊन बसला. त्याच्या मागोमाग नेपच्यून. आणि शनीविषयी तर काही सांगायलाच नको. तो सूर्याभोवती साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी घालतो, म्हणून एका राशीत सुमारे अडीच वर्षे. आपली रास आणि तिच्या पुढची-मागची मिळून तीन राशी, म्हणून साडेसात वर्षे. साडेसातीच्या मुळाशी असलेले हे गणित चोख आहे. तक्रार आहे ती त्याच्यावर रचलेल्या भीतीबद्दल.

ही तक्रार पुस्तकी नाही. आमच्या शाखेने एका शेतकऱ्याला विहिरीसाठी कर्ज मंजूर केले होते. तीन एकर कोरडवाहू, बायको, दोन मुले. रास वृश्चिक. शनी धनू राशीत, म्हणजे त्याच्या साडेसातीची शेवटची अडीचकी. ‘शनी सुटल्याशिवाय जमिनीत हात घालू नको’ असे कोणीतरी सांगितले आणि तो पैसे उचलायला येईना. मी दोनदा त्याच्या शेतावर गेलो. दुसऱ्या खेपेला शनीचा फोटो सोबत नेला. व्हॉयेजरने १९८०-८१ मध्ये घेतलेला, हजारो बारीक कड्यांचा, ग्रामोफोनच्या तबकडीसारखा. म्हटले, ज्याला घाबरतोस तो हा. गोठलेल्या बर्फाच्या खड्यांची कडी आहेत, बाकी सगळा वायू. त्याने फोटो हातात घेतला, नमस्कार केला आणि परत दिला. म्हणाला, ‘‘तोंड पाहून मानूस कयत नाई साहेब, ग्रह काय कयते?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन उन्हाळे तो बैलगाडीवर टिपाड ठेवून पाणी आणत राहिला. दुसऱ्या उन्हाळ्यात बैलजोडी विकली. मे १९९० मध्ये माझी बदली झाली, तेव्हा त्याचे मंजुरीपत्र फाइलमध्येच होते. पुढे त्याने विहीर खोदली असे कळले. पाणी साठ फुटांवर लागले.

गुरुजींना मी हे सांगितले तेव्हा ते रागावले. माझ्यावर नव्हे, सल्ला देणाऱ्यावर. ‘‘गणित येत नाही ते भविष्य सांगतात,’’ म्हणाले. पण त्यांना विनोदाचे वावडे नव्हते. ऑगस्ट १९८१ मध्ये शनीजवळून निघताना व्हॉयेजर-२ चा कॅमेरा फिरवणारा माचा अडकला होता, हे मी बोलून गेलो. गुरुजी ताडकन म्हणाले, ‘‘बघा, यंत्रालाही धरलंच की नाही त्यानं?’’ मी सांगितले की, झपाट्याने फिरवल्यामुळे चाकांतले वंगण सरकले होते. पुढे तो माचा सावकाश फिरवायचा असे ठरले आणि युरेनस, नेपच्यून दोन्ही व्यवस्थित पार पडले. ‘‘म्हणजे शनीचा उपाय तेलच,’’ गुरुजी म्हणाले.

वेंकटेश बापूजी केतकर हे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते याच गुरुजींच्या ओसरीवर. ‘ज्योतिर्गणित’ आणि ‘केतकी ग्रहगणित’ लिहिणारे केतकर (१८५४-१९३०) पंचांगवाल्यांना माहीत असतात. चित्रापक्ष की रेवतीपक्ष या जुन्या वादात ते चित्रापक्षाचे, आणि समोर साक्षात लोकमान्य टिळक. पण गुरुजींना त्यांचे वेगळेच कौतुक होते. ‘‘त्यांनी प्लूटो कागदावर मांडला होता,’’ ते म्हणत.

ही गोष्ट आहे तरी काय? नेपच्यून मुळात दुर्बिणीने सापडला नाही, पेन्सिलीने सापडला. युरेनसची चाल गणिताप्रमाणे पडेना, तेव्हा फ्रान्सच्या ल व्हेरिएने कागदावर त्याला ओढणारा अज्ञात ग्रह मांडला आणि १८४६ मध्ये बर्लिनला गाले यांनी सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत तो पाहिला. केतकरांचा मार्ग निराळा. गुरूच्या चंद्रांत एक चमत्कारिक मेळ आहे : आयोच्या चार फेऱ्या होतात तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि गॅनिमिडची एक. या मेळाचे गणित लाप्लासने मांडले होते. असाच मेळ युरेनस, नेपच्यून आणि त्यापलीकडच्या ग्रहात असेल, असे धरून केतकरांनी १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिर्विद संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडचे दोन ग्रह मांडले. पहिला सूर्यापासून पृथ्वीच्या ३८.९५ पट अंतरावर, फेरी सुमारे २४२ वर्षांची. नाव दिले ब्रह्मा. दुसऱ्याचे नाव विष्णू. फेब्रुवारी १९३० मध्ये अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला : अंतर साधारण साडेएकोणचाळीस पट, फेरी २४८ वर्षांची. बातमी मार्चमध्ये जाहीर झाली. केतकर त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गेले.

इथे अभिमानाने ऊर भरून येतो खरा. पण थोडे थांबून हिशेब पाहू. केतकरांचा ग्रह शोधायला कोणी दुर्बीण लावली नव्हती, आणि टॉम्बॉ वेगळ्याच अंदाजावरून शोध घेत होते; तो अंदाजही पुढे चुकीचा ठरला, कारण प्लूटो इतका लहान निघाला की, तो कोणाला ओढण्याच्या योग्यतेचाच नाही. अंतर जुळले यात योगायोगाचा भाग मोठा. तरी मला केतकरांचे वाटणारे मोल कमी होत नाही. प्लूटो खरोखरच नेपच्यूनशी मेळात बांधलेला आहे : नेपच्यूनच्या तीन फेऱ्या, तेवढ्यात प्लूटोच्या दोन. केतकरांचे नेमके सूत्र ते नव्हे. पण दूरच्या ग्रहांत असले मेळ शोधावेत, ही नजर आपल्याकडच्या एका मास्तरांना १९११ मध्ये होती.

आणि त्या गुरूच्या चंद्रांच्या मेळाचे पुढे काय झाले, ते केतकरांना कळते तर! आयो हा त्यांतला सर्वांत आतला चंद्र. युरोपा आणि गॅनिमिड त्याला ठराविक वेळी खेचतात, त्यामुळे त्याची कक्षा कधी पूर्ण गोल होत नाही, आणि गुरू त्याला दर फेरीत मळल्यासारखा दाबतो. कणीक मळली की कोमट होते, तसा तो आतून तापतो. पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तिघांनी हे गणित करून आयोच्या पोटात वितळलेला खडक असेल, तिथे ज्वालामुखी दिसू शकतील, असा लेख २ मार्च १९७९ ला प्रसिद्ध केला. व्हॉयेजर-१ गुरूपाशी पोचले ५ मार्चला. ८ मार्चला मागे वळून मार्ग तपासण्यासाठी घेतलेला आयोचा एक फोटो लिंडा मोराबिटो या तरुण अभियंतीच्या हाती दुसऱ्या दिवशी आला. मागचे तारे दिसावेत म्हणून तिने उजेड वाढवला, तेव्हा चंद्राच्या कडेला एक फिकट छत्री दिसली. ढग म्हणावा तर आयोवर तसली हवा नाही. ती होती सुमारे पावणेतीनशे किलोमीटर उंच उडालेली ज्वालामुखीची राख. पृथ्वीबाहेरचा पहिला जिवंत ज्वालामुखी.

आमच्या जिल्ह्यातल्या लोणारची आठवण इथे येतेच. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ते विवर नोंदले. त्यानंतर कितीतरी वर्षे, मधून कोणी शंका घेतली तरी, ते ज्वालामुखीचे मुख समजले गेले. बसाल्टमधले हे पावणेदोन किलोमीटरहून थोडे रुंद विवर उल्केच्या आघाताने झाले, याचा भक्कम पुरावा, म्हणजे धक्क्याने काच झालेले खनिज, १९७३ साली प्रसिद्ध झाला. साठसत्तर कोटी किलोमीटरवरचा ज्वालामुखी एका दिवसात ओळखला गेला आणि जिथे आपण सहली नेतो, ते विवर दीडशे वर्षे चुकीच्या नावाने राहिले! गुरुजींबरोबर मी लोणारला गेलो होतो तेव्हा खिशात कॅलिस्टोचा फोटो होता. गुरूचा हा चौथा मोठा चंद्र खड्ड्यांनी देवीच्या वणांसारखा भरलेला आहे. शेजारच्या युरोपावर मात्र खड्डे जवळजवळ नाहीत. आघात तर दोघांवर सारखेच झाले असणार. मग युरोपाचे खड्डे बुजवले कोणी? त्याच्या बर्फाखाली पाणी असावे, ही शंका आधी फोटोंनीच उभी केली. ती पाहायला युरोपा क्लिपर हे यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले असून ते २०३० मध्ये पोचायचे आहे.

व्हॉयेजरबद्दल एक जिव्हाळ्याची गोष्ट सांगून पुढे जातो. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यात जगातल्या पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत एका मराठी बाईंच्या आवाजातला आपला मराठी नमस्कारही आहे. आणि संगीतात भारताकडून एकच ध्वनिमुद्रण, केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी. व्हॉयेजर-१ निघाले ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई १६ सप्टेंबरला वारल्या. सूर स्पष्ट आहेत, वाद्यांची साथ नेमकी आहे, आणि तो आवाज आता आपल्यापासून २,४०० कोटी किलोमीटरच्याही पलीकडे गेला आहे. कॅमेरे मात्र १४ फेब्रुवारी १९९० नंतर बंद आहेत. त्या दिवशी व्हॉयेजर-१ ने मागे वळून साठ फोटो घेतले. त्यांतल्या एकात पृथ्वी आहे, रांगोळीच्या एका ठिपक्याहूनही लहान.

पुढच्या यानांच्या गोष्टी एकेक पुस्तकाच्या आहेत. कॅसिनी २००४ ते २०१७ अशी तेरा वर्षे शनीभोवती फिरले आणि साडेचार लाखांवर फोटो पाठवून शनीतच पडले. त्याच्याबरोबरचे हायगेन्स १४ जानेवारी २००५ ला टायटनवर उतरले. पण दोनपैकी एक ग्राहक चालू करायची आज्ञाच यादीत राहून गेली होती, म्हणून सुमारे साडेतीनशे फोटो हवेत विरले. अब्जावधींचा प्रकल्प आणि एक नोंद राहिलेली. कॅश टॅली न होणाऱ्या संध्याकाळी आमच्या शाखेतही असेच व्हायचे. टायटनच्या धुक्यातून रडारने टिपलेल्या एका गोल ठिपक्याला ‘गणेश’ नाव मिळाले आहे. तो बर्फाच्या ज्वालामुखीचा घुमट असावा असे आधी वाटले. उंचीची मापे आली तेव्हा तो घुमट ठरला नाही. नाव मात्र राहिले.

केतकरांच्या ब्रह्माच्या प्रदेशात माणसाचा कॅमेरा पोचला तो १४ जुलै २०१५ ला. न्यू होरायझन्स प्लूटोपासून साडेबारा हजार किलोमीटरवरून गेले. सोबत टॉम्बॉ यांच्या रक्षेचा अंश होता. जो ग्रह टॉम्बॉ यांना दोन काचांवरच्या ठिपक्याच्या हालचालीतून सापडला, त्याच्यावर गोठलेल्या नायट्रोजनचे हृदयाच्या आकाराचे मैदान निघाले, बर्फाचे डोंगर निघाले. त्यांतल्या एका रांगेला तेनसिंगचे नाव आहे. सगळे फोटो आणि मापे काही तासांत घेतली गेली. ती पृथ्वीवर यायला पंधरा महिने लागले, कारण एवढ्या दुरून सेकंदाला एक-दोन हजार बिटेच पाठवता येतात. शेवटचा तुकडा २५ ऑक्टोबर २०१६ ला पोचला. गुरुजी तोवर नव्हते.

गेल्या दिवाळीत जानेफळला गेलो होतो. गुरुजींचा नातू बारावीत आहे. त्याने मोबाइलवर शनीचा एक फोटो दाखवला : कड्यांच्या खाली निळे समुद्र, वर दोन चंद्र. फिरत फिरत आलेला. मी म्हटले, हा खोटा आहे. तो शांतपणे म्हणाला, ‘‘आजोबा, मग तुमच्या काचेखालचा खरा होता कशावरून?’’ ‘‘सगळंच आता संगणक बनवतो,’’ हे त्याचे पुढचे वाक्य. त्याला शनीची भीती नाही. त्याचा कशावरच विश्वास नाही. विहीर न खोदणारा माणूस आणि हा मुलगा यांत मला कोणाची काळजी जास्त वाटावी, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

यात मोठ्यांचाही दोष आहे. चित्रकाराने रंगवलेले कल्पनाचित्र आणि यानाने घेतलेला फोटो एकाच पानावर, एकाच चौकटीत, काही न लिहिता छापले जातात. रंग ताणला असेल तर तसे सांगत नाहीत. आयोचेच घ्या. व्हॉयेजरच्या कॅमेऱ्याला लाल रंग नीट दिसत नव्हता, त्याच्या जागी नारिंगी काचेचा फोटो वापरला आणि आयो लालभडक दिसला. प्रत्यक्षात तो पिवळट आहे. ही माहिती तेव्हापासून उपलब्ध आहे. कोणाला लपवायचे नव्हते. कोणी सांगितले नाही.

पण या फोटोंच्या बाबतीत एक सोय अशी आहे की, मूळ व्हाउचर पाहता येते. व्हॉयेजरपासूनचे कच्चे फोटो, न रंगवलेले, डागांसकट, नासाच्या दफ्तरात सर्वांसाठी खुले आहेत. कोणत्या क्षणी, कोणत्या काचेतून, किती वेळ झडप उघडी ठेवून घेतले, या नोंदींसह. २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाच्या कॅमेऱ्याने तर सगळा कारभारच जनतेवर सोडला. त्याचे कच्चे फोटो संकेतस्थळावर ठेवतात आणि जगभरचे हौशी लोक ते जुळवतात. गुरूचे जे निळ्या-पांढऱ्या भोवऱ्यांचे फोटो आपण पाहिले, त्यांतले कितीतरी अशा हौशी मंडळींनी घडवलेले आहेत. कोणी रंग वाढवतो, कोणी जसाच्या तसा ठेवतो. पण मूळ सर्वांपुढे असते आणि ताळा कोणालाही करता येतो.

म्हणून त्या दुपारी आम्ही वाद थांबवला आणि गुरुजींच्या ओसरीवर त्याच्या काकाचा लॅपटॉप उघडला. ३० डिसेंबर २०२३ ला जुनो आयोपासून दीड हजार किलोमीटरवरून गेले, त्या दिवसाचा एक कच्चा फोटो उतरवून घेतला. लाइट दोनदा गेली. फोटो उघडला तर चंद्र नाहीच. नुसत्या आडव्या करड्या पट्ट्या, लांबच लांब, एकीखाली एक. नातू माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितले की, हे यान मिनिटाला दोनदा स्वतःभोवती फिरते. फिरता फिरता कॅमेरा निळ्या, हिरव्या, लाल काचेतून पातळ चकत्या कापत जातो. या चकत्या रंगवार वेगळ्या करायच्या आणि एकमेकींवर सरकवून बसवायच्या.

त्याने वहीत तीन रकाने पाडले आणि पट्ट्या मोजायला सुरुवात केली. पहिल्या प्रयत्नात आयो भोपळ्यासारखा लांबट आला, कडेला हिरवी किनार. दुसऱ्यात किनार कमी झाली. तिसऱ्याच्या वेळी आतून जेवायला हाक आली. ‘‘पाच मिनिटं,’’ तो म्हणाला. मी जेवून आलो तरी तो तिथेच होता.